सहा सीटा आणि सुईचं टोक

माझी मोठी बहीण माणसं अंतराळात पाठवते. हे वाक्य मी माझ्या केस कापायच्या दुकानात दिवसातून चारदा तरी म्हणतो. गिऱ्हाईक गळ्याभोवती कापड बांधून बसलेलं असतं, न ऐकून जातं कुठे? खरं सांगायचं तर ताई शिवणकाम करते. हौशी श्रीमंतांना रॉकेटच्या विमानातून आकाशाच्या काठापर्यंत नेऊन, चार मिनिटं तरंगवून परत आणणारी एक खाजगी कंपनी गावाबाहेर आहे. त्या विमानातल्या सहा प्रवासी सीटांच्या गाद्या, कव्हरं आणि पट्टे ताईच्या हातचे.

त्याआधी वीस वर्षं ती तान्ह्या बाळांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात होती. तिथला नियम कडक. सुई मोडली की मशीन बंद. सगळे तुकडे शोधायचे, वहीत चिकटपट्टीखाली जुळवून लावायचे आणि पुरी सुई दिसली तरच पुढचा टाका घालायचा. तुकडा झबल्यात राहिला तर बाळ सांगणार कुणाला? कंपनीत असा नियम नव्हता, ताईने आपणहून वही सुरू केली. तिथले इंजिनिअर तिला ‘सुईबाई’ म्हणू लागले. चिडवायला ठेवलेलं नाव तिला आवडलं, मला तर फारच.

दर उड्डाणाला कंपनी एका कामगाराच्या घरचं माणूस पाहुणं म्हणून बोलावते. त्या खेपेला पाळी ताईची होती. दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून मी सातलाच प्रेक्षकांच्या शेडमध्ये हजर. उड्डाण आठचं. आठ वाजले, नऊ वाजले, तीन चहा झाले. मग लाऊडस्पीकर म्हणाला, “सीटांच्या कामामुळे उशीर होत आहे.”

“असली कामं कुठल्या गाढवाच्या हाती देतात कोण जाणे!” मी शेजारच्या काकांना म्हणालो. बोलून गेल्यावर आठवलं, सीटा कुणाच्या ते. मग चौथा चहा मागवला.

आत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आदल्या दुपारी चार नंबरच्या सीटचं कव्हर शिवताना सुई मोडली, आणि नेमके तेव्हाच प्रवासी सीटा बघायला आले. त्यांच्यात जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या पंचाहत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांनी ताईचा हात धरला. “माझी सीट कुठली गं? दाखव ना.” ताई हुरळून गेली. हाताला लागले ते तुकडे डबीत टाकले, आजींना सीट दाखवली आणि नवी सुई लावून काम संपवलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच वही उद्यावर गेली. सकाळी तुकडे जुळवायला बसली, तर टोक नाही. तांदळाच्या दाण्याएवढं टोक.

नोकरी अजून कच्ची होती. कायम व्हायला आठ दिवस उरले होते. तरी ती सरळ मॅनेजरकडे गेली.

“साहेब, उड्डाण थांबवा. सुईचं टोक हरवलंय.”

“एवढ्याशा टोकासाठी? उद्यापासून चार दिवस वारा आहे, बाई. माणसं सूट घालून बसलीत!”

“जमिनीवर असतं तर गादीत पडून राहिलं असतं. वर ते तरंगत बाहेर येईल. कुणाच्या डोळ्यात जाईल ते मला सांगता यायचं नाही.”

साहेबांनी धातू शोधणारं यंत्र फिरवायला लावलं. पण सीटची चौकटच धातूची, ते सगळीकडेच बोंबलत राहिलं. कव्हरं एकाच टेबलावर पडली होती, त्यामुळे संशय सहाही सीटांवर. “उसवा,” साहेब म्हणाले, “आणि चार वाजेपर्यंत विमान उडालं नाही, तर उद्यापासून येऊ नका.”

ताईने आपलेच टाके उसवायला घेतले. सहाही गाद्या उलट्या केल्या. टोक नाही. शेवटी पायातले बूट काढले. ते कामाचे बूट तिथल्या कपाटातच राहतात. उजव्या बुटाच्या रबरी तळव्यात टोक रुतून बसलं होतं.

खोलीत ती एकटीच होती. मी असतो तर ‘चार नंबरात सापडलं’ म्हणून मोकळा झालो असतो. ताई टोक चिमट्यात धरून साहेबांपुढे उभी राहिली. “माझ्याच बुटात होतं. सीटांत काही नव्हतं. वही कालच लावायला हवी होती, चूक माझी.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण तिथे विमान चालवणारी वैमानिक बाईही होती. तिने वही मागितली आणि जुन्या सुयांची पानं एकेक करून पाहिली. “माझी सीट बाहेरून तयार आलेली आहे,” ती साहेबांना म्हणाली. “पुढच्या वेळी तीही यांच्याकडून शिवून हवी.” साहेब काय समजायचं ते समजले.

ताईने सहाही सीटा पुन्हा शिवून दिल्या आणि चारला दहा मिनिटं असताना विमान उडालं. ताई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, बोटं सुजलेली. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं, माणसं तरंगू लागली आणि लाऊडस्पीकरवर आजींचं खिदळणं ऐकू आलं. सगळे टाळ्या वाजवत होते. ताई मात्र मुठी आवळून चारही मिनिटं मोजत होती.

आजी उतरल्या तशी ती धावली. “काही टोचलं नाही ना?”

“अगं, अख्खी पृथ्वी बघून आले मी,” आजी म्हणाल्या, “आणि तू हे काय विचारतेस?”

ताई हसायला लागली आणि हसता हसता रडली. माझेही डोळे भरून आले, लपवत कशाला. मी सकाळच्या काकांना गाठलं.

“सकाळी मी गाढव म्हणालो होतो ना,” मी छाती फुगवून सांगितलं, “ती माझी सख्खी बहीण.”