खोलगट फरशी

इंदापूरच्या जुन्या कोर्टाची इमारत मी पहिल्यांदा नीट पाहिली ती घाबरल्यामुळे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अंगात नवाकोरा काळा कोट, हातात पहिलाच दावा. घाबरले की मी छताकडे बघते, आणि ते छत केवढं उंच! गोऱ्या साहेबाच्या काळातलं बांधकाम: जाड दगडी भिंती, सागवानी तुळया, वर कौलं, छताखाली रांगेनं झरोके. आत गारवा भरपूर, पण माझा आवाज वरच्या वर गडप होत होता.

माझी पक्षकार नरसिंहपूरकडची एक विधवा काकू. सामाईक विहिरीवरची तिची मोटर दिरांनी बंद पाडली होती. त्या दिवशी मनाईहुकूम मिळाला नसता तर तिचं उभं पीक वाळलं असतं.

"मोठ्यानं बोला," न्यायाधीश पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला रागच आला. आधी स्वतःचा, मग इमारत बांधणाऱ्याचा. तेवढ्यात दिरांचे वकील, चांगले मुरलेले गृहस्थ, आपली जागा सोडून बाजूला झाले.

"वकीलबाई, या फरशीवर उभ्या राहा. आवाज इथूनच पोचतो."

ती शहाबादी फरशी झिजून खोलगट झाली होती. वकिलांच्या कितीतरी पिढ्या तिथंच उभ्या राहिल्या असणार. मी उभी राहिले, बोलले, आणि आवाज असा खणखणीत निघाला की मीच दचकले. हुकूम मिळाला. हरूनही ते वकील हसले. असा विरोधक नशिबानंच मिळतो. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

एमआयडीसीत रजा टाकून वडिलांनी मला मोटरसायकलवरून आणलं होतं. पण आत न येता ते आवारात कडुलिंबाखालीच उभे राहिले. त्याच झाडाखाली माझे आजोबा, आबा, उभे राहायचे. धर्मांतराआधीचा काळ, जमिनीच्या दाव्याला आले तरी लोक त्यांना कोर्टाच्या ओट्यावर चढू देत नसत. एकदा गलक्यात त्यांना स्वतःच्या नावाचा पुकारा ऐकू आला नाही, आणि दावा त्यांच्या गैरहजेरीत निकाली निघाला.

बाहेर आल्यावर मी वडिलांवर चिडलेच. "आत का नाही आलात? इथं काय कळणार होतं?"

ते झरोक्यांकडे बघत राहिले. डोळे भरले होते.

"बगायचं व्हतं, पोरी. आबांचा पुकारा हितवर आला न्हवता. तुझं समदं आयकू आलं."