सही न केलेला दाखला

उलव्याच्या आमच्या साइटच्या गेटवर एक बाई सुकी मासळी विकायला बसायची. गव्हाणकडची होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

मजुरांच्या तीन मुलींना शाळेत घालायचं तिने मनावर घेतलं होतं. मुली साइटवरच पत्र्याच्या खोल्यांत राहायच्या. शाळेने तसा साइटचा दाखला मागितला होता आणि सुपरवायझर मी होतो. पण आमच्या कागदांवर तिथे कुणीच मुक्कामाला नव्हतं. सही केली तर नोकरी जाईल, अशी मला भीती वाटली. खरं कारण एवढंच.

रोज सकाळी ती मुलींना तेल लावून, वेण्या घालून तयार ठेवायची. मी आलो की हात पदराला पुसून पिशवीतून कोरा कागद काढायची.

"उद्या बघू," मी म्हणायचो.

"साहेब, पेन हरवलं का तुमचं? माझं घ्या," ती हसायची.

एकदा मी चिडलो. "बाई, इथे कोणी राहतच नाही. काय लिहून देऊ?"

ती मुलींकडे बघत म्हणाली, "मंग मी रोज कोनाच्या वेन्या घालते, साहेब?"

मी आत निघून गेलो.

इमारत पुरी झाली. खोल्या मोडल्या, आणि सामान टेम्पोत भरून मजूर मुलींसकट गेले. कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर थांबलो. काहीतरी बोलायचं होतं.

तिने माश्या हाकलल्या आणि मान वर न करता विचारलं, "काय देऊ? बोंबील का सुकट?"