अकरावा पत्ता

मी बसमध्ये कंडक्टर आहे. आसगाव, दिघोरी, लाखांदूर अशा फेऱ्या करते आणि सुट्ट्या पैशांवरून भांडण्यात माझा हात धरणारं आमच्या डेपोत कोणी नाही. पोरगी नागपूरला कॉलेजात शिकते, नवरा राईस मिलमध्ये मिस्त्री आहे, आणि मी क्रिकेटचे पत्ते जमवते. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

सुरुवात झाली ती लाखांदूरच्या स्टँडवर. परतीच्या फेरीला वेळ होता, मी गाडीतच बसून मोबाइल चाळत होते. त्यावर कोणीतरी जुनी खेळणी विकायला काढली होती. त्यांत तो लाल डबा दिसला. आम्ही लहानपणी खेळायचो तोच. एका पत्त्यावर एका खेळाडूचा फोटो आणि खाली त्याचे आकडे: मॅच, रन, विकेट, ॲव्हरेज. डबा पाहिला आणि मी सीटवरून ताडकन उठले. ड्रायव्हरने विचारलं, "काय झालं मॅडम, घरून फोन आला का?" मी म्हटलं, "नाही, डबा सापडला." त्याला काही कळलं नाही.

पार्सल आलं तेव्हा डबा कडेने फाटलेला होता, पण आत बत्तीसच्या बत्तीस पत्ते होते. तिथून मग थांबलेच नाही. हल्लीचे चमकणारे पत्ते घेतले, अल्बम घेतला, एकेका पत्त्यासाठी प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं घेतली. साडीच्या कपाटातला एक कप्पा रिकामा केला. साड्या कोंबून बसतात, पत्ते नाही.

मग गल्लीत बोंब झाली. समोरच्या काकूंनी माझ्या सासूबाईंना सांगितलं, "तुमची सून पत्ते खेळते म्हणे." आमच्याकडे पत्ते म्हणजे तीन पानी, नाहीतर दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, चालणारा जुगार. सासूबाईंनी दोन दिवस तोंड पाडून काढले आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "किती हारलीस?" मी अल्बम आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाल्या, "हे तं सारे माणसंच हायेत वं, बाई एकबी नाही. याईचे फोटो कायले सांभाळून राहिली?" त्या दिवशी मी नव्या पाकिटांतून निघालेल्या बायकांच्या टीमचे पत्ते पहिल्या पानावर लावले. सासूबाईंचं समाधान झालं. काकूंचं झालं नाही, पण त्यांचं समाधान करायचं काम माझ्याकडे कोणी दिलेलं नव्हतं.

जमवणाऱ्यांचा एक ग्रुपही आहे फोनवर. सगळे मला भाऊ म्हणतात, मी कधी दुरुस्त केलं नाही. माझ्या लाल डब्याचा फोटो टाकला तर एक जण म्हणाला, भाऊ, हे मंडईछाप खेळणं आहे, याला किंमत नाही. मी लिहिलं, तुम्हाला किंमत विचारली कोणी? उचलली जीभ लावली टाळ्याला! त्यानंतर तिथे माझ्या पत्त्यांची किंमत कोणी काढत नाही.

पण खरी गोष्ट मी ग्रुपवर कधी सांगितली नाही. बत्तीस पत्ते हातात आले तरी माझा डबा अपुरा होता. त्यात मी नव्हते.

आमचं जुनं गाव वैनगंगेच्या काठी होतं. मी सहावीत असताना धाकट्या भावाने आणि मी मंडईत हट्ट करून तो लाल डबा घेतला होता. खेळ सोपा. पत्ते सारखे वाटायचे. ज्याची पाळी, त्याने आपल्या वरच्या पत्त्यावरचा एक आकडा बोलायचा. ज्याचा आकडा मोठा, तो सगळ्यांचे वरचे पत्ते घेऊन जाणार आणि पुढची पाळीही त्याचीच. बॉलिंग ॲव्हरेज बोललं तर मात्र ज्याचा लहान तो जिंकणार, कारण एका विकेटमागे जितके कमी रन दिले तितका बॉलर चांगला. पोरांना ही उलटी गोष्ट आवडायची नाही. ते सदा रनच बोलायचे.

आणि मी खरोखरची बॉलिंग टाकायचे. भावासोबत टेनिस बॉलने, खळ्यामागच्या रिकाम्या जागेत. उन्हाळ्यात पलीकडच्या गावाची टीम मॅच खेळायला आली आणि आमच्याकडचा एक पोरगा तापाने पडला. दहाच उरले. आमचा कप्तान माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठा, गावातला सगळ्यात उंच पोरगा. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि नाइलाजाने मला हाक मारली, "ए पोट्टे, ये. नुसती उभी राह्य." मी नुसती उभी राहिले नाही. आठ रनांत चार विकेट घेतल्या. आम्ही जिंकलो.

जाताना पलीकडची पोरं ओरडत गेली, "पोट्टीच्या भरवशावर जिंकले, पोट्टीच्या भरवशावर!" कप्तानाचं तोंड पडलं. मला त्याने पुन्हा कधी खेळायला घेतलं नाही. एक मॅच, तेवढीच.

त्याच पावसाळ्यात शेजारच्या बकरीने डब्यातला एक पत्ता चावून टाकला. एकतीस पत्ते सारखे वाटले जाईनात. भावाने जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापला, पेनने माझं चित्र काढलं, वेणीसकट, आणि खाली लिहिलं: मॅच १, रन ०, विकेट ४, ॲव्हरेज २. भागाकार त्याला नुकताच येऊ लागला होता. कप्तानाने तो पत्ता हातात घेतला, आकडे वाचले आणि त्याच्या ध्यानात आलं की ॲव्हरेज बोललं तर या पत्त्यासमोर जगातला एकही बॉलर टिकत नाही. त्याने तिथल्या तिथे नियम केला. "हा पत्ता ज्याच्यापाशी येईन, त्याचा डाव गेला."

म्हणजे मी डब्यात होते, पण हरायला. माझ्या हातात माझाच पत्ता यायचा आणि मी मुकाट्याने डाव सोडून द्यायचे. इतकी वर्षं झाली, मला अजून त्या मुकाट्याचा राग येतो. पुढे माझं लग्न झालं, गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं, गाव उठून नव्या जागी आलं. सामान हलवण्यात डबा कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही. खळं, मागची जागा, सगळं पाण्याखाली आहे.

म्हणून यंदा भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा लाल डबा पर्समध्ये होता. आणि एक पत्ता जास्तीचा होता. लग्नपत्रिकेच्याच कागदाचा, मी स्वतः कापलेला. आकडे तेच लिहिले. वेणी काढली नाही, आता माझे केस खांद्यापर्यंतच आहेत.

मंडईच्या दिवशी दुपारी भाऊ आणि मी सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, चहा पीत बसलो होतो. कप्तान आला. आता त्याचं खताचं दुकान आहे, पोट सुटलंय, गुडघे दुखतात, पण मंडईला तो आमच्याकडे येतोच. मी डबा काढून मध्ये ठेवला. कप्तान मोठ्याने हसला. "बाई, पोरगी लग्नाले आली अन् तू हे घेऊन हिंडून राहिली?"

"खेळतो का नाही ते सांग दादा," मी म्हटलं. हा माझा तिकिटाचा आवाज आहे. या आवाजाला लोक उलट बोलत नाहीत.

तो खाली बसला. मी माझा पत्ता डब्यावर ठेवला. त्याने ओळखला. उचलून पाहिला, परत ठेवला आणि म्हणाला, "आता कोणता पत्ता हारपला नाही ना? बत्तीस पुरे हायेत. मंग हा कायले?"

"बत्तीस पुरे असन तं वाट," मी म्हटलं. "तिघांत वाट."

त्याने वाटले. भावाला अकरा आले, मला अकरा आले, आणि त्याच्या स्वतःच्या हातात दहाच राहिले. त्याने पुन्हा मोजले. भाऊ खाली मान घालून चहा पीत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मी माझे अकरा पत्ते सरळ करून घेतले. त्या उन्हाळ्यातसुद्धा दहाच होते.

"दे मंग," कप्तान शेवटी म्हणाला. त्याने माझा पत्ता घेतला आणि आपल्या गड्डीच्या अगदी तळाशी घातला.

"जुना नियम नाही," मी म्हटलं. "जे आकडे हायेत ते हायेत."

"बरं ना बापा."

डाव सुरू झाला. कप्तान अजूनही रनच बोलत होता आणि रनांवरच मार खात होता. भावाने त्याचे बरेच पत्ते नेले, काही मी नेले. शेवटी एका फेरीत त्याच्या ओपनिंग बॅट्समनने हात दिला, पाळी त्याच्याकडे गेली आणि वर माझा पत्ता आला; लग्नपत्रिकेचा कागद मागूनही ओळखू येत होता.

माझ्या हातात तेव्हा डब्यातला सगळ्यात भारी बॉलर होता. शेकड्याने विकेट. कप्तान विकेट बोलला असता तर मी त्याला धुऊन काढलं असतं. रन बोलला असता तर शून्यावर हरला असता. माझ्या हातातला बॉलर त्याला दिसत नव्हता, पण चार विकेट आणि शून्य रन कुठेच पुरणार नाहीत हे कळत होतं. या पत्त्याने जिंकायचं तर एकच आकडा होता, आणि तो तोंडाने बोलावा लागणार होता. तो पत्त्याकडे पाहत राहिला. बाहेर मंडईचा भोंगा वाजत होता.

"ॲव्हरेज," तो म्हणाला.

"किती?" मला माहीत होतं. तरी विचारलं. मला ऐकायचं होतं.

"दोन."

भावाने मांडीवर थाप मारली. मी माझा भारी बॉलर मुकाट्याने त्याच्यासमोर ठेवला. या वेळच्या मुकाट्याचा मला राग आला नाही. डोळे भरून आले, ते मी पदराने पुसले आणि कोणापासून लपवलं नाही. माझ्या पत्त्याने मलाच हरवलं होतं आणि असं हरायला मी आयुष्यभर तयार आहे.

कप्तानाने तिन्ही पत्ते गोळा केले, पण माझा पत्ता बाजूला धरला. अंगठ्याने तो विकेटच्या आकड्यावर घासत होता.

"पाच पाह्यजे इथं," तो हळूच म्हणाला. "तुया बॉलवर एक कॅच माह्या हातून सुटला होता. मुद्दाम नाही सोडला, बाई. पण सुटला. पेन आन, मी लिवून देतो."

तीसच्या वर वर्षं झाली असतील. मीसुद्धा तो कॅच विसरले होते.

"सुटलेले मोजत नाही दादा," मी म्हटलं. "चार घेतल्या, चारच राहू दे. पाळी तुयीच हाय, पुढचा पत्ता बोल."