भूकंपाविना पडलेली भिंत

एनेइदाताईंच्या शेजारी एव्हारिस्तोने एकतीस वर्षं काढली, पण त्या कॉफीत साखर किती घालतात हेही त्याला सांगता आलं नसतं. कुंपणावरून बोलणं व्हायचं ते पावसाचं, नाहीतर भूकंपाच्या धक्क्याचं.

बारू ज्वालामुखीच्या उतारावरच्या त्या गावात दर महिन्याच्या एक तारखेला ताई दुकानाच्या दारावर कागद लावायच्या: कोणत्या दिवशी किती पाऊस, जमीन कधी हलली. बाहारेके, म्हणजे डोंगरावरून उडत येणारे तुषार, त्यांनी कधी मोजले नाहीत. त्याला तिथे कुणी पाऊस म्हणतच नाही.

ही मोजदाद सुरू झाली ताईंचा भाऊ दिमास गेल्यावर. कॉफीमळ्याचे मालक हेर्मोहेनेस यांची दगडी भिंत दिमासच्या घरावर कोसळली. "भूकंपाने पडली," मालक म्हणाले. जमीन काय, सारखीच हलते. चौकशीत सगळ्यांनी माना डोलावल्या. एव्हारिस्तोनेही.

अठरा वर्षांनी मालकांची दुसरी भिंत शाळेच्या वाटेवर पडली. गावाच्या सभेत मालकांनी पुन्हा तेच सांगितलं.

"कोणत्या दिवशी हो, मालक?" ताईंनी गोड आवाजात विचारलं.

"भिंत पडली तेव्हाच! मंगळवारी पहाटे. साऱ्या गावाला जाणवला धक्का."

"जरा मोठ्याने सांगा. म्हातारीला कमी ऐकू येतं."

मालकांनी ठणकावून सांगितलं. ताईंनी वही उघडली.

"धक्का गुरुवारी, भर दुपारी. मग तुमची भिंत काय दोन दिवस आधीच घाबरून पडली?"

"गुरुवारीच!" मागून एक बाई ओरडली. "माझं तामालेंचं पातेलं चुलीवरून कलंडलं!"

सभा खदखदून हसली. मालक उठून गेले.

पण ताईंचं तेवढ्याने भागलं नाही. त्या महिन्यापासून कागदाच्या तळाशी एक ओळ येऊ लागली: 'हेर्मोहेनेस यांची भिंत भूकंपाविना पडली. दिमासवरचीही.' चार वर्षं, दर महिन्याला.

ताई वारल्या त्याच्या आदल्या दिवशी एव्हारिस्तो धीर करून कुंपणाशी गेला.

"ताई, आता पुरे करा. मालक अंथरुणाला खिळलेत."

"त्यांना वाचता येतं ना अजून?"

"येतं. पण दुकानापर्यंत..."

"त्यांची मुलगी वाचून दाखवते. मी विचारलंय."

एव्हारिस्तो घुटमळला. "तेव्हा मीही मान डोलावली होती."

"ठाऊक आहे. तुमचं नाव लिहायला कागदावर जागा उरली नाही, एवढंच."

त्याने आभाळाकडे पाहिलं. "पाऊस येईल का हो आज?"

"आला की मोजीन. तुमचे कपडे आधी आत घ्या."