दोघींच्या झोपेची सोय

सातव्या महिन्यात डॉक्टरांनी मला घरी बसवलं आणि बसल्या बसल्या मी आमच्या बेडरूमचा नकाशा काढला. आलेख वहीवर, एक चौकोन म्हणजे अर्धा फूट. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी आठ वर्षं दहावीच्या मुलांना गणित शिकवत होते. त्यामुळे जगातली कुठलीही अडचण कागदावर मांडली की अर्धी सुटते, असा माझा ठाम समज होता. खोली दहा बाय अकरा. त्यात डबल बेड, कपाट, एक खिडकी. पोटात जुळं. ती दोन बाळं कुठं झोपणार, हे काही केल्या बसेना.

खरं तर हा प्रश्न माझ्यावर यायलाच नको होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पण मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. नृसिंहवाडीच्या बाजूला आमचं गाव, तिथं आता वडील एकटे राहतात. स्वतःचा चहा स्वतः करून पितात, आणि तोही पातळ. बाळंतिणीला पेज कोण करून देणार आणि बाळांना न्हाऊ कोण घालणार? म्हणून मी कोल्हापुरातच राहिले. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी माहेरी जाऊन चार-चार महिने लोळत होत्या. "मला काही फरक पडत नाही," असं मी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगत होते. पडत होता. फार पडत होता.

डिसेंबरात, तीन आठवडे आधीच, दोघी आल्या. दोन्ही मुली. थोरली चार मिनिटांनी मोठी आणि अंगानंही बरी. धाकटी मात्र दोन्ही तळहातांत मावेल एवढी. तिला नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तिला घरी सोडायच्या दिवशी बालरोगतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून वर्गात शिकवावं तसं शिकवलं. दोघींना वेगवेगळं झोपवायचं. सपाट, घट्ट गादी. पाठीवरच निजवायचं, कुशीवर नाही, पालथं नाही. उशी नाही, सैल पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत. आपल्या खोलीत, पण आपल्या अंथरुणात नाही. "आणि सोफ्यावर त्यांना घेऊन डोळा लागू द्यायचा नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "ते सगळ्यांत वाईट."

मी सगळं लिहून घेतलं. मला नियम आवडतात. नियम असले की निदान चुकलं कुठं ते कळतं.

मग मी नकाशा पुन्हा काढला आणि त्यात डबल बेडच काढून टाकला. नवऱ्यानं तो खोलून गॅलरीत उभा केला आणि स्वतः हॉलमधल्या दिवाणावर गेला. तो कागलच्या पुढं एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. हंगाम ऐन भरात होता आणि त्याच्या पाळ्या सारख्या बदलत होत्या, त्यामुळे त्याचीही काही तक्रार नव्हती. दोन भिंतींना दोन लहान कॉट आणि मधल्या जागेत जमिनीवर माझी गादी. कुठल्याही बाजूला हात केला तरी एकेकीपर्यंत पोचेल इतकं अंतर. हे जमलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगायला घरात कुणी नव्हतं.

सासूबाई बारशाला आल्या. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. धाकटी दवाखान्यात असल्यामुळे बारसं लांबून विसाव्या दिवशी ठरलं होतं. आत्या टेम्पो घेऊनच आल्या आणि टेम्पोत होता पाळणा. सागवानी, कोरा, दोन बाळं शेजारी शेजारी मावतील इतका रुंद. आत मऊ गादी, गादीवर गोधडी आणि डोकी गोल व्हावीत म्हणून मोहरीच्या दोन उश्या. डॉक्टरबाईंनी नको म्हणून सांगितलेल्या यादीतली एकूण एक वस्तू त्या पाळण्यात होती.

बारशाला शेजारच्या आणि नात्यातल्या मिळून पंधरा-वीस बायका होत्या. कुणीतरी पाळण्यावरून हात फिरवत विचारलं, "केवढा झ्याक पाळणा! कुठनं आणला?"

"तिच्या माहेरनं आलाय की," आत्या मोठ्यानं म्हणाल्या. "पाळणा माहेरनंच येतोय न्हवं का?"

मी त्या वेळी काय केलं ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. पाळणा माहेरचा असतो, हे मला माहीत होतं. माझ्या माहेरून काही आलेलं नव्हतं, हेही माहीत होतं. मला वाटलं, या मला टोमणा मारतायत. वीस दिवसांची धड न झालेली झोप, दुखणारे टाके आणि मुळातच नाकावर असलेला राग. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्या माहेरून काहीही आलेलं नाही. आणि पाळणा आज नावापुरता. मी दोघींना यात झोपवणार नाही. एकत्र तर मुळीच नाही. या उश्याही नकोत."

मग कुणीतरी घाईघाईनं पाळण्याचं गाणं सुरू केलं. आत्या इतरांबरोबर गात होत्या, माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी बायका गेल्यावर नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. दोन महिन्यांपूर्वीच आत्यांनी गावातल्या सुताराला सांगून पाळणा करवून घेतला होता. बिनआईच्या सुनेला बारशात कुणी काही बोलू नये म्हणून. माझ्या वडिलांना फोन करून त्यांनी बजावलंही होतं, "पाळणा तुमच्याकडनं आला म्हणून सांगणार हाय. कुणी इचारलं तर व्हय म्हणा, पावणं." वडील व्हय म्हणायला तयार होते. माझी लाज राखायला दोन म्हातारी माणसं मिळून खोटं बोलणार होती, आणि मी ते भर बारशात उघडं पाडलं.

मी माफी मागायला हवी होती. पण बोलायला लागले ते भलतंच. पाठीवर का झोपवायचं, मऊ गादी का वाईट, एकीचा हात दुसरीच्या नाकावर कसा येऊ शकतो. आत्या ऐकत होत्या. "गारठा हाय, उघडी पडत्याल पोरं," एवढंच त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांनी पिशवी भरली. "म्हशी तिकडं उपाशी हायत्या," असं कारण दिलं. त्यांच्या म्हशींना बघायला दोन दीर आणि एक जाऊ आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब महिना. सकाळी मालिशवाली मावशी यायची, दोघींना न्हाऊ घालून दहाला जायची. नवरा कारखान्यावर किंवा हॉलमध्ये गाढ झोपलेला. खाली रस्त्यावर रिक्षा, दुचाक्या, क्लास सुटल्यावर पोरांचा गलका. माझ्याच क्लासची पोरं असणार. पण वर आमच्या खोलीत दोन कॉट आणि मी. एकीला पाजून ढेकर काढून निजवली की दुसरी उठायची. बोलायला म्हणून मी त्यांना बेपासूनचे पाढे म्हणून दाखवायचे. कधी कधी दुपारपर्यंत माझ्या तोंडून पाढ्यांशिवाय दुसरं काही निघालेलंच नसायचं.

पण नियम मात्र एकही मोडला नाही. शेजारच्या काकूंनी आणलेली मऊ रजई मी कपाटात कोंबली. खिडकीच्या पडद्याची लोंबती दोरी कापून टाकली. डोळ्यांत तेल घालून जागले. मला त्याचा गर्वच होता.

जानेवारीतली एक दुपार. नवरा पहाटेच कामावर गेला होता. दोघी एकदमच रडत होत्या, आणि दोघींना एकदम पाजायचं तर बसायला टेकू लागतो. म्हणून मी हॉलमध्ये आले आणि सोफ्यावर बसले. एक डाव्या हातावर, एक उजव्या. ऊन खिडकीतून बरोबर माझ्या पायांवर पडलं होतं. थोरली पीत होती. धाकटी पिता पिता थांबली होती. मी मनाशी म्हटलं, हिला आता आत नेऊन निजवायची. एवढंच आठवतं.

जाग आली ती कशानं, मला अजूनही सांगता येत नाही. काही आवाज झाला नव्हता. थोरली मांडीवर होती, स्वस्थ. डावा हात मोकळा होता.

धाकटी सोफ्याची बैठक आणि पाठ यांच्या फटीत घसरली होती. तिचं तोंड माझ्या कुशीत, गाउनच्या कापडात पुरतं दाबलेलं, आणि माझा भार तिच्यावर. मी तिला ओढून वर काढली. ती ढिली होती, चेहरा नेहमीचा नव्हता. मी तिचं नाव घेतलं नाही, किंचाळले नाही. नुसती तिची पाठ चोळत राहिले. मग तिनं एक मोठा श्वास ओढला, आणि रडली. इतका सुंदर आवाज मी जन्मात ऐकला नाही.

थोरलीला शेजारच्या काकूंकडे सोपवून धाकटीला दवाखान्यात नेली तोवर ती लाल होऊन हातपाय झाडत होती. "श्वास कोंडल्यासारखा वाटला," एवढंच मी सांगितलं. तपासून, दोन तास ठेवून घेऊन, बाळ ठीक आहे म्हणून डॉक्टरबाईंनी आम्हाला घरी पाठवलं. सोफ्याचं मी बोललेच नाही. नवऱ्यालाही नाही. ज्या बाईनं सगळ्यांसमोर पाळणा नाकारला, तीच सोफ्यावर झोपली, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? मला भीती वाटत होती आणि लाज वाटत होती. दोन्हींत लाज जास्त होती, हे लिहायला आज त्रास होतो.

घरी आल्यावर मी आत्यांना फोन लावला.

"आत्या, मी बोलते."

"व्हय. बोल की."

पलीकडून गोठ्यातल्या बादलीचा आवाज येत होता.

"तुम्ही याल का?"

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "उद्या पयल्या गाडीनं येतो," म्हणाल्या.

सकाळी नऊला त्या दारात होत्या. चप्पल काढली, हातपाय धुतले आणि सरळ आतल्या खोलीत आल्या. दोन्ही कॉटकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी निघणार. पण त्यांनी विचारलं, "कुणाला कुठं निजवायचं? सांग मला."

मी सांगितलं. खिडकीच्या बाजूला थोरली, कपाटाच्या बाजूला धाकटी.

"पाठीवर."

"हो, पाठीवर."

"आन उशी न्हाय."

"नाही."

"बरं." त्यांनी हॉलमधली प्लॅस्टिकची खुर्ची आणली, दोन कॉटच्या मध्ये माझ्या गादीच्या उशाशी ठेवली आणि पदर खोचून ताठ बसल्या. "आता तू पड. मी हाय जागी."

मी पडले. महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी मला झोप म्हणालं होतं, आणि झोप काही येईना. वर पंखा बंद होता. दोघींचे श्वास ऐकू येत होते, आत्यांचाही. मग मी आढ्याकडे बघतच सगळं सांगून टाकलं. सोफा, ऊन, फट, गाउन.

"माझ्या हातून ती मेली असती, आत्या."

"न्हाय मेली की. जाग आली तुला. मलाबी अशीच आलती एकदा."

मी उठून बसले.

"तुझा नवरा दोन म्हयन्यांचा हुता. दिसभर रानात भांगलून आलतो, त्याला पाजत आडवी झालो. जागी झालो तवा त्यो माझ्या खाली हुता. निळा पडलावता." त्यांनी दोन्ही हात नुसते हवेत उचलून दाखवले, जसं बाळाला उचलतात तसे. "तवापास्नं मी पोरं पाळण्यात. अंथरुणात न्हाय घेतली कवा."

"कुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला सांगू? घरात बारा माणसं हुती."

त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मला वाटत होतं की मी एकटी आहे, कारण आई नाही आणि फ्लॅटचं दार लावलं की पलीकडे कुणी नाही. त्या बारा माणसांच्या घरात पस्तीस वर्षं हे पोटात घेऊन भाकऱ्या थापत होत्या. मी त्यांचा गुडघा धरला. त्यांनी माझा हात काढला नाही, थोपटलाही नाही. त्यांची नजर धाकटीच्या छातीवर होती, वर-खाली, वर-खाली.

"बारशात मी बोलले ते..."

"झोप आता."

मी झोपले. दुपारी चारला उठले तेव्हा त्या त्याच खुर्चीत तशाच ताठ होत्या. पाणी प्यायलाही उठल्या नव्हत्या.

त्या अडीच महिने राहिल्या. मुली आता सहा वर्षांच्या आहेत आणि झोपेत एकमेकींना लाथा मारतात. आत्या गेल्या वर्षी वारल्या. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधीच बोललो नाही. नवऱ्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांचंही नाही, माझंही नाही.