नुसतं बघायचं

महाडच्या एका रसायन कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. कामगारांना आपल्या उरलेल्या रजा स्वतः बघता याव्यात, म्हणून कंपनीचा डेटाबेस त्यांना खुला करा, असा हट्ट मी साहेबांकडे धरला.

“बिघडवून ठेवतील,” साहेब म्हणाले.

“नुसतं बघून काय बिघडतं?” मी चिडलोच. शेवटी फक्त बघता येईल, बदलता काही येणार नाही, अशी सोय केली.

पहिला आला उमरठचा ऑपरेटर. चपला दाराबाहेर काढून, हात मागे बांधून उभा राहिला. शिमग्याची पालखी त्याच्या दारी येणार होती. पडद्यावर शिल्लक रजा शून्य.

“आधी तुमाला विचारायचो,” पडद्याकडे बघत तो म्हणाला, “तर तुमी सायबाकडं शब्द टाकायचात. आता ह्याच्याकडं कोण टाकणार?”