थांब वं, कळून नाई राहिलं

सुजाताताई इंगळेंनी पहिल्याच भेटीत माझ्या कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला होता. अमरावतीहून दर्यापूरला जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही दोघी मागच्या सीटवर कोंबलेल्या होतो. मी नाशिककडची, दर्यापूरच्या शाळेत नव्याने रुजू झालेली. त्या त्याच शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी जेमतेम दहा सेकंद गाणं ऐकलं.

"हे काहून ऐकून राहिल्या तुमी? सकाळी सकाळी?" त्या म्हणाल्या. "बंद करा. बाई प्रेमात पडली का दवाखान्यात भरती हाय, तेच समजत नाई."

ते गाणं त्या महिन्यात सगळीकडे वाजत होतं. मला राग आला आणि हसूही आलं.

सुजाताबाईंना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. जीपमध्ये चुळबूळ, वर्गात फेऱ्या, स्टाफरूममध्ये उभ्यानेच डबा. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की शनिवारी त्या तो पाहून आलेल्या असत आणि सोमवारी जीप सुटायच्या आत निकाल लागलेला असे. "दोन तास मारामारी पाह्यली, एकाच्याबी शर्टाची इस्त्री मोडली नाई." एका गाजलेल्या अल्बमबद्दल त्या म्हणाल्या, "आठ गाणी कुठची? एकच गाणं आठ वेळा हाय." ड्रायव्हरसुद्धा आरसा वळवून ऐकायचा. तिकिटाचे पैसे वाचले, म्हणायचा.

त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद परतवाड्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा. लहानपणी वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात गाणारा हा पोरगा बाईंनीच कडेवर घेऊन वाढवला होता. त्याने मित्रांसोबत आठ वऱ्हाडी गाण्यांचा अल्बम केला आणि अमरावतीत एक छोटा हॉल घेऊन कार्यक्रम ठेवला. मीही गेले होते. गाणी वाजून झाली, टाळ्या झाल्या, आणि निवेदकाने हौसेने बाईंना दोन शब्द बोलायला बोलावलं.

"मिलिंदचा आवाज मी तो जन्मला तवापासून ऐकून राहिली," बाई म्हणाल्या. "या गाण्यांत तो मले कुठंच सापडला नाई. मशीननं गायलं, अन् यानं तोंड हलवलं."

हॉल खदखदून हसला. मिलिंद बाजूलाच उभा होता. लोकांसोबत तोही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये त्याने बहिणीला गाठलं. "सगळ्या जगापुढं बोलाचं होतं ताई?"

"मले इचारलं त्यायनं. खोटं बोलू का मंग?"

"खोटं नको बोलू. पण घरी सांगता नसतं आलं?"

त्यानंतर त्याने फोन उचलणं सोडलं. दिवाळीला आला नाही. बाई जीपमध्ये नेहमीसारख्या बोलत, पण मधेच इअरफोन लावून बसत. काय ऐकता, विचारलं तर सांगत नसत. एकदा फोन माझ्या मांडीवर पडला तेव्हा कळलं, मिलिंदचाच अल्बम सुरू होता.

"पाहून राहिली, मी चुकली तर नाई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. हे महिनाभर चाललं होतं.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर त्या स्टँडवर अमरावतीच्या जीपकडे वळल्याच नाहीत. "चाल, परतवाड्याले जाऊ. एकटीनं नाई जावत." बसमध्ये त्यांनी तीन वेळा जागा बदलली.

मिलिंद दुकानात एका पंपाच्या मोटरला तांब्याची तार गुंडाळत बसला होता. बाई आत गेल्या आणि उभ्यानेच बोलल्या, "सात गाणी बेकारच हायत. पण आत्याच्या सायकलचं जे गाणं हाय, ते तू गायला. मी चुकली."

तो तारेचे वेढे मोजत होता. मोजणं संपल्यावर म्हणाला, "ते घरी गायलो होतो, मोबाईलवर. पोरं म्हणे, राहू दे कच्चंच." मग थोडं थांबून, "हॉलमधी ते वाजलं तवा तू कुठं होती?"

"तिथंच. पण तिसऱ्या गाण्यालाच मी ठरवून बसली होती. त्याच्यापुढचं मले ऐकूच नाई आलं."

एवढं खरं त्या कोणत्याच सिनेमाबद्दल बोलल्या नव्हत्या. मिलिंदने मान वर केली नाही. "चहा घेऊन जा मॅडम," तो म्हणाला. मला, त्यांना नाही. चहा आम्ही तिघांनीही घेतला.

परतताना बाई खिडकीची काच वरखाली करत राहिल्या. मला वाटलं, हे आता असंच राहणार.

उन्हाळ्याच्या तोंडावर, पेपर तपासणं चालू असताना, त्यांच्या फोनवर मिलिंदचं नवं गाणं आलं. सोबत एकच ओळ: "ताई, कोणाले पाठवलं नाई अजून. पुरं ऐक."

बाई खुर्ची ओढून बसल्या. पूर्ण ऐकलं. लाल पेन खाली ठेवून पुन्हा लावलं. मी समोरच होते. सवयीने निकालाची वाट पाहत होते. शेवटी न राहवून विचारलं, "कसं आहे?"

"थांब वं," त्या म्हणाल्या. "अजून कळून नाई राहिलं मले."

जूनमध्ये त्यांची अकोल्याच्या बाजूला बदली झाली. भावाला त्यांनी त्या गाण्याबद्दल पुढे काय कळवलं, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी मात्र शाळा सुटली, शिपायाने एकेक खिडकी लावत आणली, तरी बाई खाली मान घालून तेच गाणं ऐकत होत्या.